इंचभर शिपाई, हातभर बिल

वॉरगेमच्या टेबलावर उभा राहणारा शिपाई उंचीला साधारण 28 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम इंचभर. 1:64 मापाची डायकास्ट गाडी तळहातावर मावते आणि वर जागा उरते. पण यातलं काही परदेशातून मागवायचं म्हटलं, की स्क्रीनवरची किंमत आणि दारात पार्सल येईपर्यंत खिशातून गेलेली रक्कम एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत. मधल्या फरकात दीडशे वर्षांचं टपाल आहे, एक्स-मेनवरचा खटला आहे, राखी आहे आणि समुद्रात सांडलेले लाखो लेगो आहेत. छंद हौसेचा असला तरी त्याची किंमत ठरते ती खोक्यावर, वाटेवर आणि फॉर्मवरच्या एका ओळीवर. कशी, ते बघा.

हवेचंही भाडं लागतं

कुरिअरवाले पार्सल दोनदा मोजतात, एकदा काट्यावर आणि एकदा टेपने. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा, 5000 ने भागायचं. आलं ते किलोतलं 'व्हॉल्यूमेट्रिक' वजन. खरं वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. 40 × 30 × 20 सेंटिमीटरचा खोका घ्या. आत 900 ग्रॅमच्या गाड्या आणि बाकी बबल रॅप असला, तरी बिल फाडलं जातं 4.8 किलोचं.

इथे जोडून तयार असलेलं मॉडेल मार खातं आणि सुट्या भागांचं किट जिंकतं. प्लास्टिकच्या चौकटीत, म्हणजे स्प्रूवर, सपाट बसलेले भाग एकावर एक रचता येतात. तेच भाग जोडून, रंगवून, खिडकीच्या डब्यात उभे केले की प्रत्येक तलवारीच्या टोकाभोवतीची हवा विमानाने प्रवास करते. गाड्यांच्या संग्राहकांची पंचाईत याहून मोठी. गाडी मूळ पुठ्ठ्याच्या कार्डावरून काढून सुटी मागवली तर भाडं कमी होतं, पण कार्ड गेलं की गाडीची किंमतही जाते. विक्रेत्याला "डबे घडी करून पाठव" म्हणावं की न म्हणावं, यावर संग्राहकांचे दोन तट आहेत आणि समेटाची शक्यता नाही.

शिसं गेलं, वजन उतरलं

जुने लघुसैनिक शिशाचे असत. शिशाची घनता पाण्याच्या 11.3 पट, किट ज्याचं बनतं त्या पॉलिस्टायरीनची 1.05 पट. दोन घनसेंटिमीटरचा शिपाई शिशात 22 ग्रॅमच्या पुढे, प्लास्टिकमध्ये दोन ग्रॅम. शंभर जणांची पलटण धरली तर सव्वादोन किलो विरुद्ध पाव किलोहूनही कमी! शिसं हटलं ते मात्र टपाल वाचवायला नव्हे. 1993 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्याने शिशाच्या विषबाधेविरुद्ध कायदा केला आणि राल पार्था या अमेरिकी कंपनीने शिसं नसलेला 'रॅलिडियम' नावाचा मिश्रधातू काढला. पुढे रेझिन आणि प्लास्टिकने मैदान मारलं. आरोग्यासाठी केलेल्या बदलाने मागवणाऱ्याच्या खिशालाही हात दिला.

समोरच्या गल्लीहून चीन जवळ

पन्नास रुपयांचा शिपाई चीनहून 'फ्री शिपिंग'ने कसा यायचा, याचं उत्तर स्वित्झर्लंडमध्ये आहे. 1874 साली बर्नमध्ये जागतिक टपाल संघाचा पाया घातला गेला. भारत 1876 पासून त्यात आहे. सुरुवातीचा हिशेब भाबडा होता. प्रत्येक पत्राला उत्तर येणारच, तेव्हा तुम्ही आमची पत्रं वाटा, आम्ही तुमची वाटतो, तिकिटाचे पैसे ज्याचे त्याने ठेवावेत. पण सगळेच देश सारखी पत्रं पाठवत नाहीत हे लक्षात यायला 1969 उजाडलं. त्या वर्षीच्या तोक्योच्या अधिवेशनात ठरलं, की टपाल वाटणाऱ्या देशाला पाठवणाऱ्याने 'टर्मिनल ड्यूज' द्यायचे.

विकसनशील देशांसाठी हे दर कमी ठेवले होते आणि चीन त्याच रांगेत होता. हलक्या पाकिटांचा महापूर आला तेव्हा अमेरिकी विक्रेत्यांच्या लक्षात आलं, की आपल्याच देशात पुडकं पाठवायला आपल्याला जे पडतं त्याहून कमी पैशांत ते शेनझेनहून येतंय. ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकेने संघातून बाहेर पडण्याची नोटीसच दिली. सप्टेंबर 2019 मध्ये जिनिव्हात खास अधिवेशन भरलं, तडजोड झाली आणि जुलै 2020 पासून अमेरिकेला येणाऱ्या पाकिटांवर स्वतःचे दर लावायची मुभा मिळाली. 'फ्री शिपिंग'चा सुवर्णकाळ तिथे ओसरू लागला.

ती छोटी हिरवी चिठ्ठी

परदेशी पुडक्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, सीएन-22. वर चार-पाच चौकटी: भेट, कागदपत्रं, व्यापारी नमुना, विक्रीचा माल. खाली वस्तूचं वर्णन, वजन, किंमत, मूळ देश आणि सही. जागा एवढी तोकडी, की वर्णन दोन-तीन शब्दांतच बसवावं लागतं. पार्सलाचं बरंचसं भवितव्य या दोन-तीन शब्दांत असतं. 'मेटल सोल्जर' लिहिलं की भुवई उंचावते, 'अनपेंटेड प्लास्टिक स्केल मॉडेल किट' लिहिलं की गाडी पुढे सरकते. 300 एसडीआरपेक्षा जास्त किमतीच्या मालाला सीएन-23 हा मोठा फॉर्म लागतो. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ते कुणाच्या पाकिटात नसतं, पण टपाल संघाचा व्यवहार त्यावरच चालतो.

परोपकारी विक्रेता कधी कधी "कस्टम वाचेल" म्हणून किंमत कमी लिहितो किंवा 'भेट' वर खूण करतो. हा उपकार घेऊ नये. पार्सल अडकलं तर पेमेंटची पावती मागतात, आणि हरवलं तर भरपाई मिळते ती चिठ्ठीवर लिहिलेल्या किमतीच्या हिशेबाने.

वुल्व्हरिन माणूस आहे का?

खेळण्यांच्या जकातीतला हा सगळ्यात रंगतदार खटला. अमेरिकेच्या त्या वेळच्या जकातीत बाहुलीवर 12 टक्के शुल्क होतं आणि इतर खेळण्यांवर 6.8 टक्के. बाहुली कोण? जी माणसाची प्रतिकृती असते ती. प्राणी, राक्षस, यंत्रमानव असेल तर ते नुसतं खेळणं.

टॉय बिझ ही कॉमिकवाल्या मार्व्हलची खेळण्यांची कंपनी. तिने आयात केलेल्या, कॉमिकमधल्या एक्स-मेन या वीरांच्या आकृत्यांना कस्टमने बाहुल्या ठरवलं. कंपनी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेली आणि युक्तिवाद केला, की वुल्व्हरिन आणि त्याची मंडळी माणसं नाहीतच! न्यायमूर्ती ज्युडिथ बार्झिले यांनी एकेक आकृती तपासली. पंजे, पंख, सोंडा, यंत्राचे हात, भलते रंग, सगळं बघून जानेवारी 2003 मध्ये निकाल दिला की ही मंडळी माणसं नव्हेत, म्हणून खेळणी. 12 चे 6.8 झाले.

कंपनी खूश, चाहते मात्र हैराण. एक्स-मेनच्या गोष्टीचा सगळा जीव कशात आहे? तर 'आम्हीही माणसंच आहोत' या त्यांच्या झगड्यात. कॉमिकच्या पानांवर ज्या मुद्द्यासाठी ते चार दशकं लढले, तो त्यांच्याच कंपनीने पाच टक्क्यांसाठी सोडून दिला. पुढे 2007 मध्ये जगभरच्या जकात वर्गवारीत बाहुल्या आणि खेळणी 9503 या एकाच क्रमांकाखाली आली आणि वाद मिटला. 'लघुरूपातील स्केल मॉडेल' हे शब्दही त्याच क्रमांकात आहेत. शोभेचा प्लास्टिकचा पुतळा मात्र 3926 मध्ये जातो. तेव्हा शिपाई खेळायचा की शोकेसमध्ये ठेवायचा, हा प्रश्न कस्टमलाही पडतो.

दुकानदाराला सत्तर, तुम्हाला दहा

भारताने फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क 20 वरून थेट 60 टक्क्यांवर नेलं आणि 2023 च्या अर्थसंकल्पात 70 टक्क्यांवर. हा दर 9503 चा, म्हणजे कंटेनर भरून माल आणणाऱ्या व्यापाऱ्याचा. तुम्ही टपालाने किंवा कुरिअरने स्वतःपुरतं काही मागवलं तर त्यासाठी वेगळा क्रमांक आहे, 9804. 'वैयक्तिक वापरासाठी आयात केलेल्या वस्तू' असं त्याचं नाव. वस्तू कोणतीही असो, दर एकच. तो बराच काळ 35 टक्के होता, 2025 च्या अर्थसंकल्पात 20 झाला आणि 2026-27 च्या अर्थसंकल्पात 10 वर आणण्याची घोषणा झाली.

म्हणजे गावातल्या दुकानात तीच गाडी महाग का, याचं अर्धं उत्तर मिळालं. दुकानदार नफेखोर असेलच असं नाही. तो 70 च्या रांगेत उभा आहे. आणि हेही ध्यानात ठेवा, की 'वैयक्तिक' या शब्दाला अर्थ आहे. एकाच मॉडेलचे वीस नग मागवून "सगळे मलाच हवेत" म्हटलं तर अधिकारी मान डोलावणार नाही. मित्रांनी मिळून एकत्र ऑर्डर केली की भाडं वाटलं जातं हे खरं, पण खोका जेवढा फुगतो तेवढा तो व्यापारी मालासारखा दिसू लागतो.

14+ हा आकडा सजावटीचा नाही

डब्याच्या कोपऱ्यात 14+ छापलेलं असतं. 1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. या आदेशाची व्याप्ती आहे 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची. संग्राहकांसाठी बनवलेल्या मॉडेलच्या डब्यावर तो छोटा आकडा असणं त्यामुळे फार मोलाचं. पन्नाशीतला गृहस्थ स्वतःसाठी गाडी मागवतोय, हे खोक्याला कसं कळणार? ते असंच छापून सांगावं लागतं.

करावर कर, त्यावर कर

35 टक्के ऐकून 35 च भरायचे असं समजणाऱ्यांना जुना हिशेब हा असा धक्का द्यायचा. वस्तू 100 रुपयांची. मूळ शुल्क 35. त्या 35 वर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे साडेतीन. झाले 138.50. आता या सगळ्यावर 28 टक्के आयजीएसटी, म्हणजे 38.78. एकूण 177.28. शंभराच्या शिपायावर सव्वासत्त्याहत्तर रुपयांची जकात! सप्टेंबर 2025 च्या जीएसटी फेररचनेत हा 28 चा दर 18 झाला आणि मूळ शुल्कही उतरलं, त्यामुळे आजचं बिल बरंच सुसह्य आहे. पण पद्धत तीच: आधीच्या बेरजेवर पुढचा टक्का.

ही बेरीज सुरू होते ती नुसत्या वस्तूच्या किमतीवरून नव्हे. भारतात वस्तू अधिक विमा अधिक भाडं, अशा एकत्र रकमेवर शुल्क लागतं. युरोपातही तसंच. अमेरिका मात्र आंतरराष्ट्रीय भाडं वगळून, माल तिथून निघतानाच्या किमतीवर शुल्क लावते.

खास कामाचा नियम: भाड्यावर टोपी

हा नियम फार थोड्यांना ठाऊक असतो. सीमाशुल्क मूल्यांकनाच्या 2007 च्या नियमांत म्हटलंय, की माल विमानाने आला असेल तर शुल्कासाठी धरायचं भाडं मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. समजा किट 2,000 रुपयांचं आणि भाडं 1,800. शुल्काच्या हिशेबात भाडं धरायचं 400, सगळे 1,800 नव्हे. विम्याची रक्कम माहीत नसेल तर किमतीच्या 1.125 टक्के. बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमकडच्या आयातीच्या कागदाची, प्रत मागवा आणि 'असेसेबल व्हॅल्यू'च्या, म्हणजे शुल्कासाठी धरलेल्या किमतीच्या, रकान्यात काय आकडा आहे ते बघा. तिथे 3,800 च्या आसपासचा आकडा दिसला तर कुरिअरला प्रश्न विचारायला तुमच्याकडे नियम आहे.

एका डॉलरचे तीन भाव

गूगलवर दिसतो तो एक डॉलर. क्रेडिट कार्डवाली बँक लावते तो दुसरा; त्यात बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्या मार्कअपवर पुन्हा जीएसटी. तिसरा डॉलर कस्टमचा. आयातीसाठी कोणता विनिमय दर धरायचा हे सीमाशुल्क खातं स्वतः जाहीर करतं. तिन्ही डॉलर एकाच दिवशी, एकाच पार्सलवर, गुण्यागोविंदाने नांदतात.

शंभर रुपये आणि राखी

बऱ्याच देशांत अमुक रकमेखालचं पार्सल शुल्काविना जातं. भारतात वस्तूच्या किमतीवर अशी सरसकट सूट नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 25(6) मध्ये एक इवलीशी फट आहे: लागणारं शुल्कच 100 रुपये किंवा त्याहून कमी असेल तर ते वसूल करू नये. एखादी ब्रशची जोडी, डिकलची एखादी शीट त्यातून निसटते.

भेटवस्तूंची मोठी वाट होती, ती 12 डिसेंबर 2019 ला बंद झाली. चिनी शॉपिंग ॲपवरून मागवलेला माल 'भेट' म्हणून येत होता. हजारो लोकांना चीनमधून रोज कोण भेटी पाठवतंय, असा प्रश्न सरकारला पडला. परकीय व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली: टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून शुल्काविना आयात बंद. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधं आणि राखी. तिथेही स्पष्ट केलं, की सवलत राखीला आहे, राखीसोबतच्या भेटवस्तूला नाही. तेव्हा परदेशातल्या ताईने राखीच्या पाकिटात रणगाडा सरकवला, तर राखी सुटते आणि रणगाडा अडकतो.

ड्युटी कमी, 'सेवा' जास्त

समजा शुल्क निघालं 310 रुपये. बिल येतं हजाराच्या घरात. खालच्या ओळी वाचा: तुमच्या वतीने शुल्क आगाऊ भरल्याचा आकार, क्लिअरन्सचा आकार, गोदामाचा आकार आणि या आकारांवर जीएसटी. आकार ठरावीक असतो, पार्सल किती का छोटं असेना. म्हणून कुरिअरने एकच शिपाई मागवणं हा सगळ्यात महागडा मार्ग. त्यात आधार किंवा पॅनसह केवायसी वेळेत दिली नाही, तर गोदामातला प्रत्येक दिवस मीटरवर.

सरकारी टपालाचा रस्ता संथ, पण आकार कमी. मुंबईकरांचं परदेशी पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या विदेश टपाल कार्यालयातून जातं, शुल्क लागलं तर पोस्टमन दारात पैसे घेऊन पावती देतो. घाई कुणाला आहे? न रंगवलेल्या किटांचा ढीग कपाटात वाट बघतोच आहे. या ढिगाला छंदवाले 'लज्जेचा डोंगर' म्हणतात.

देशोदेशीचे उंबरठे

• अमेरिका: 1938 मध्ये सुरुवात झाली एका डॉलरपासून. 2016 मध्ये मर्यादा 800 डॉलरवर गेली.

• युरोपीय संघ: 22 युरोखालच्या मालाची व्हॅटमाफी 1 जुलै 2021 ला संपली. 150 युरोपर्यंतची शुल्कमाफी मोडून 1 जुलै 2026 पासून तीन युरोंचं ठोक शुल्क लावायचं ठरलं.

• ब्रिटन: 135 पाउंडपर्यंत शुल्क नाही, पण व्हॅट खरेदीच्या वेळीच. ही मर्यादाही 2029 पर्यंत काढून टाकण्याचं सरकारने जाहीर केलंय.

• ऑस्ट्रेलिया: 1,000 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत शुल्क नाही, जुलै 2018 पासून त्यावरही 10 टक्के जीएसटी.

• जपान: 10,000 येनपर्यंत सूट.

• स्वित्झर्लंड: कर पाच फ्रँक किंवा कमी निघत असेल तर जाऊ द्या, वसुलीचा खर्चच जास्त.

29 ऑगस्ट 2025: टपाल थबकलं

अमेरिकेने 800 डॉलरची सवलत चीन आणि हाँगकाँगसाठी 2 मे 2025 ला बंद केली आणि 29 ऑगस्टला सगळ्या जगासाठी. पार्सलवरचं शुल्क गोळा करायचं कुणी, हेच ठरलेलं नव्हतं. टपाल खात्यांनी सरळ हात वर केले. भारतीय टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून पत्रं आणि 100 डॉलरपर्यंतच्या भेटी सोडून बाकीचं अमेरिकी टपाल थांबवलं. ऑक्टोबरच्या मध्यात ते पुन्हा सुरू झालं. जागतिक टपाल संघाने सांगितलं, की अमेरिकेकडे जाणारं टपाल एका आठवड्यात 81 टक्क्यांनी घटलं आणि 88 टपाल संस्थांनी सेवा थांबवली किंवा कमी केली.

मिनिएचरच्या धंद्याला ते वर्ष कडूच गेलं. एप्रिलमध्ये चिनी मालावर शुल्क 145 टक्क्यांवर पोचलं होतं आणि मिनिएचर भरलेले बोर्डगेम बहुतांशी चीनमध्ये बनतात. वॉरहॅमर हा लघुसैनिकांचा खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचा कारखाना इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमला. तरी नव्या शुल्कांचा फटका सुमारे 1.2 कोटी पाउंडांचा असू शकतो असा अंदाज कंपनीने मांडला. आणि या शुल्कांविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या मुख्य खटल्याला नाव कुणाचं? पोलाद कंपनीचं नव्हे, मोटार कंपनीचंही नव्हे. लर्निंग रिसोर्सेस या इलिनॉयमधल्या शैक्षणिक खेळणी बनवणाऱ्या कंपनीचं. फेब्रुवारी 2026 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला.

ऑस्ट्रेलियाचा राग

कधी कधी भाडं भरूनही परदेशी खरेदी स्वस्त पडते. ऑस्ट्रेलियातले वॉरहॅमरचे शौकीन ब्रिटनच्या ऑनलाइन दुकानांतून माल मागवत, कारण शिपिंग धरूनही तो स्थानिक दुकानापेक्षा कमी किमतीत मिळे. 2011 मध्ये गेम्स वर्कशॉपने युरोपातल्या विक्रेत्यांना युरोपबाहेर माल पाठवायला मनाई केली. सरकारने न उभारलेली भिंत कंपनीने उभारली. मेलबर्न-सिडनीतले जुने खेळाडू आजही हा विषय निघाला की खुर्ची पुढे ओढतात.

47 लाख लेगो, एक लाट

13 फेब्रुवारी 1997. रॉटरडॅमहून न्यूयॉर्कला निघालेलं 'टोकियो एक्स्प्रेस' इंग्लंडच्या लँड्स एंड टोकाजवळ एका प्रचंड लाटेने कललं आणि 62 कंटेनर समुद्रात गेले. एका कंटेनरमध्ये लेगोचे 47,56,940 तुकडे होते. गंमत अशी, की त्यातले बरेच समुद्रातलेच: ऑक्टोपस, पाणबुड्यांचे फिन, तराफे. आजही कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ते सापडतात आणि काळा ऑक्टोपस मिळाला तर वेचणारा नाचतो. 'शिपिंगमध्ये हरवलं' या तक्रारीचा हा जागतिक विक्रम म्हणायला हरकत नाही, आणि घरपोच सेवाही अजून चालूच आहे.

शिपाई आला, विमान आलंच नाही

थ्रीडी प्रिंटर घरात असला की शिपाई एसटीएल, म्हणजे थ्रीडी आराखड्याची, फाइल होऊन येतो. तिला वजन नाही, खोका नाही. 1998 पासून जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी इलेक्ट्रॉनिक प्रसारणावर सीमाशुल्क लावायचं नाही असं ठरवलं आणि ही मुदत वेळोवेळी वाढवत नेली. 2024 मध्ये अबू धाबीतही वाढवली. भारताचा त्याला दीर्घकाळ विरोध राहिला: वस्तू फाइल होऊन येऊ लागल्या तर जकात कशावर घ्यायची? मुद्दा बिनतोड आहे. सीमाशुल्क नसलं म्हणून फाइल करमुक्त मात्र नाही. परदेशी ऑनलाइन सेवांवर 18 टक्के जीएसटी आहे, म्हणून मासिक वर्गणीच्या साइट भारतीय ग्राहकाच्या बिलात तो जोडतात. शिवाय रेझिनची बाटली लागतेच, आणि तिला वजन आहे.

रंग विमानात बसत नाही

किट येतं, स्प्रे कॅन येत नाही. एरोसोल आणि लॅकर रंग ज्वालाग्राही, विमान टपालात त्यांना मज्जाव. पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग जातात. म्हणून जपानहून लढाऊ विमान मागवणारा माणूस त्याचा राखाडी रंग इथल्याच दुकानात शोधत असतो.

काकूच्या बॅगेचं अर्थशास्त्र

न्यू जर्सीहून येणाऱ्या नातेवाइकांचा सगळ्यात मोठा छंदोपयोग हा. परदेशातून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला सामानात 50,000 रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काविना आणता येत; 2026 च्या नव्या बॅगेज नियमांनी ही मर्यादा 75,000 झाली. भाडं शून्य, केवायसी शून्य. फक्त वस्तू प्रामाणिकपणे सामानाचा भाग हव्यात, आणि काकूंना "मला लोणच्याचे डबे न्यायला जागा राहू दे" हे म्हणायचा अधिकार आहे. नाजूक मॉडेल हातातल्या बॅगेत. रंगांच्या बाटल्या काकूंच्या माथी मारू नयेत.

उलटी गंगा

आयात कठीण होती त्या दिवसांत परदेशी साचेच इकडे आले. डिंकी गाड्यांचे जुने साचे कोलकात्यात पोचले आणि निकी टॉइज या नावाने गाड्या निघाल्या. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हॉट व्हील्स भारतात लिओ मॅटेलच्या नावाने बनल्या. इथल्या पोरांनी त्या फरशीवर आपटून, रंग उडवून संपवल्या. आज परदेशातले संग्राहक त्याच भारतीय गाड्यांसाठी भाडं आणि शुल्क भरतात. माळ्यावरचा जुना खोका एकदा उतरवून बघा. लिओची कार्डावरची गाडी निघाली तर ती फोडू नका.

आणि ज्या छंदाला जकात माहीतच नाही तोही आपलाच. दिवाळीत अंगणात किल्ला उभा राहतो, कुंभाराकडून मातीचे मावळे येतात, गादीवर महाराज बसतात. मावळ्यांना माप नाही, दरवाजापेक्षा पहारेकरी मोठा असतो आणि कुणाची तक्रार नसते. मापाचा काटेकोरपणा बघायचा तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, 1998 पासून.

'बाय नाऊ' दाबण्याआधी

• वस्तूच्या किमतीवर जाऊ नका, घरपोच किंमत काढा: वस्तू, भाडं, शुल्क, आयजीएसटी, कुरिअरचा आकार, कार्डाचा मार्कअप.

• विक्रेत्याला खोक्याचं माप विचारा, नुसतं वजन नको.

• एक शिपाई कुरिअरने मागवू नका; दहा मागवा किंवा टपालाने मागवा.

• चिठ्ठीवर खरी किंमत आणि स्पष्ट वर्णन लिहायला सांगा, 14+ चा डबा असेल तर तो ठेवायला सांगा.

• 'शुल्क भरून पाठवतो' असं विक्रेता म्हणाला, तर त्या रकमेत कुरिअरचा आकार धरलाय का ते विचारा.

• बिल आल्यावर भाडं 20 टक्क्यांच्या टोपीखाली आहे का ते तपासा.

हे सगळं करून घरपोच किंमत काढली आणि ती वस्तूच्या दुप्पट निघाली, तरी तुमचं बोट बटणावरून हलणार नाही हे माहीत आहे. निदान एवढं होईल, की घरात "केवढ्याला पडलं?" असा प्रश्न आला तर तुम्हाला खरा आकडा पाठ असेल. सांगायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.